वेदना, आहार आणि यतना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पिंगळी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नाशीच्या सोहळ्यात वैद्यकीय व्यवसायातील माणसाला बोलावले, याचा एक अर्थ असाही निघतो की संस्थेबरोबर आपली सर्वांची वये वाढली आहेत. सभागृहात शिरताना पाहिले, पुढच्या दोन रांगा सतरंजीच्या आणि मागच्या आठ रांगा खुर्च्यांच्या आहेत. पूर्वी हे प्रमाण उलटे असे. तेव्हा आजचा विषय कोणी निवडला हे विचारण्याची गरज उरली नाही.

विषय दिला आहे तो नैसर्गिक उपचार, दैनंदिन आहार आणि वेदनामुक्तीचा. यातील 'वेदनामुक्ती' या शब्दावर मला थोडी सवलत हवी. वेदनेतून कायमची मुक्ती देण्याचे सामर्थ्य वैद्यकाकडे नाही. आपल्या सिद्धान्ताने ती गोष्ट फार वरच्या स्थानी ठेवली आहे. वैद्य काय करू शकतो? वेदना कशामुळे होते ते शोधणे, ती सुसह्य करणे आणि ती घालवताना दुसरी मोठी व्याधी उत्पन्न होणार नाही याची काळजी घेणे. या काळजीला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: यतना. चालताना, बोलताना, पाणी गाळताना, दिवा लावताना आपण सूक्ष्म जिवांविषयी यतना बाळगतो. स्वतःच्या देहाविषयी मात्र आपण फार निष्काळजी असतो. माझे आजचे सांगणे याच सूत्राभोवती आहे.

माझ्याकडे येणारा गुडघेदुखीचा रुग्ण बहुधा दोन पिशव्या घेऊन येतो. एका पिशवीत औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे असतात. दुसरीत कागदाच्या पुड्या असतात. त्यांवर नाव नसते, घटक नसतात, तारीख नसते. एवढेच सांगितलेले असते की हे 'जडीबुटीचे' आहे आणि याचा काही अपाय नाही. पहिल्या पिशवीविषयी रुग्णाच्या मनात थोडी भीती असते, दुसरीविषयी संपूर्ण श्रद्धा. माझ्या दृष्टीने दोन्ही पिशव्या सारख्याच तपासण्याजोग्या आहेत.

महाराष्ट्रात निसर्गोपचाराचे नाव काढले की उरुळी कांचन आठवते. पुण्याजवळच्या या गावी मार्च 1946 मध्ये महात्मा गांधी काही दिवस राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. त्यापूर्वी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजींचे वास्तव्य झाले होते. गरिबांसाठी ते केंद्र चालवावे असा विचारही होता. परंतु खेड्यातला गरीब शहरातील उपचारगृहात येऊन राहणार नाही, उपचारच खेड्यात गेला पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आले. माती, पाणी, ऊन, हवा आणि साधे अन्न ही त्या उपचाराची साधने होती. गांधीजी तेथून लवकरच निघून गेले; आश्रम उभा केला तो त्यांनी मागे ठेवलेल्या मणिभाई देसाई यांनी. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनीही तेथे दीर्घकाळ सेवा केली. त्याच मणिभाईंनी 1967 साली 'बाएफ' ही संस्था स्थापन करून गोपालनाचे व ग्रामविकासाचे मोठे काम उभारले, हे आपल्यापैकी शेतकरी बंधूंना ठाऊक असेल.

ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्या बावीस वर्षे आधीची कथा कमी सांगितली जाते. 1924 च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींना आंत्रपुच्छाचा दाह झाला. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले गेले आणि 12 जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, आणि उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पूर्ण झाली. निसर्गोपचाराचा या देशातील सर्वांत मोठा पुरस्कर्ता त्या रात्री शस्त्राला सामोरा गेला म्हणून वाचला आणि पुढे बावीस वर्षांनी उरुळीस येऊ शकला. मातीच्या पट्टीने सुजलेले आंत्रपुच्छ बरे होत नाही. ते पोटात फुटले तर काही तासांत जीव धोक्यात येतो. मातीपट्टीचा माणूस आणि शस्त्रक्रियेचा माणूस असे दोन वेगळे गांधी नव्हते. कोणत्या दुखण्याला काय लागते, याचा तो विवेक होता.

आपल्या परंपरेतही या विवेकाचा एक ठसठशीत पुरावा आहे, आणि तो आपल्याच समाजाला फारसा माहीत नाही याचे मला वाईट वाटते. इसवी सनाच्या नवव्या शतकात उग्रादित्याचार्य नावाच्या जैन मुनींनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ संस्कृतात रचला. द्वादशांगातील पूर्वांपैकी 'प्राणावाय' या पूर्वाशी या ग्रंथाचे नाते सांगितले जाते. मद्य, मांस आणि मध ही तिन्ही द्रव्ये संपूर्णपणे वगळून चिकित्सा कशी करावी, हे त्यात मांडले आहे. तत्कालीन वैद्यकात ही तिन्ही द्रव्ये सर्रास वापरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कार्याची धिटाई कळते. ग्रंथाच्या अखेरीस मांसाहार औषध म्हणूनही आवश्यक नाही असे प्रतिपादन आहे, आणि ते राष्ट्रकूट सम्राट नृपतुंग अमोघवर्ष याच्या राजसभेत वैद्यांसमोर केले गेले असे तेथे नमूद आहे. राष्ट्रकूटांचे राज्य आपल्या या गोदावरीकाठी होते, हे येथे वेगळे सांगायला नको. हा ग्रंथ 1940 साली सोलापुरातून पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. ट्रस्टच्या वाचनालयात तो नसेल तर या सुवर्णमहोत्सवी वर्षात जरूर आणावा.

त्या ग्रंथातील औषधे जशीच्या तशी घ्या, असे मी म्हणत नाही. अकराशे-बाराशे वर्षांत वैद्यक पुष्कळ पुढे गेले आहे. परंतु औषधाविषयी प्रश्न विचारणे हा धर्माचा भाग आहे, हे उग्रादित्याचार्यांनी शिकवले. या पुडीत काय आहे? ते कशापासून बनले? त्याने कोणाला अपाय होतो का? त्या पिशव्यांना हेच प्रश्न विचारायचे आहेत.

आता ताटाकडे वळू. आपल्या भागाचे मूळ अन्न ज्वारी. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतू असतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 2018 साली 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण प्रसारित केले. त्यात किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त आहे. नेहमीच्या वाणांत हे प्रमाण साधारण 30 आणि 20 असते. आपल्या उंबरठ्यावर झालेले हे काम आहे. आणि आपण काय केले? शेतात सोयाबीन आणि कापूस वाढला, घरात गव्हाची पोळी, मैद्याची बिस्किटे आणि पाकिटातील फरसाण आले. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा शहरांत लोकांनी महागड्या दराने ज्वारीचे पोहे घेतले. आमच्याकडे पाहुणा आला की भाकरी वाढायला आजही संकोच वाटतो.

मात्र भाकरीविषयीही एक खुलासा करतो. ज्वारीने मधुमेह बरा होतो असे सांगत फिरणारे पुष्कळ आहेत. तसे काही होत नाही. ज्वारीतही पिष्ट आहेच. चार भाकरी खाणाऱ्याची साखर वाढणारच. दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर पालेभाजी असे ताट असेल तर ज्वारीचा खरा लाभ मिळतो. आपल्या मातीतील करडईची कोवळी भाजी, अंबाडी, तांदूळजा, चाकवत यांचे दिवस असतात तेव्हा त्या खाव्यात. लसणाविना केलेली जवसाची किंवा तिळाची चटणी रोज चमचाभर घ्यावी. हाडांना लागणारा कॅल्शियम तिळात विपुल आहे. वरणावर लिंबू पिळले तर डाळीतील आणि ज्वारीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होते. आहारतज्ज्ञ कडधान्यांना मोड आणा असे सांगतात. आपल्यातील पुष्कळ घरांत मोड आलेले धान्य वर्ज्य असते. त्यांनी रात्री गाळलेल्या पाण्यात भिजवून, मोड येण्यापूर्वीच सकाळी शिजवावे. भिजवण्यानेही पुष्कळ फायदा पदरात पडतो.

रात्रिभोजनत्यागाविषयी बोलताना मला जरा संयम ठेवावा लागतो, कारण विज्ञानाने आपला धर्म सिद्ध केला असे ऐकायला सर्वांना आवडते. धर्माला त्या प्रमाणपत्राची गरज नाही. रात्रिभोजनाचा त्याग जीवदयेसाठी आहे, वजन कमी करण्यासाठी नाही. तरीही शरीराला त्याचा जो अनुषंगिक लाभ होतो तो खरा आहे. सायंकाळनंतर साखर हाताळण्याची शरीराची क्षमता मंदावते, आणि जेवणानंतर तीन तासांच्या आत आडवे झाल्यास जठरातील आम्ल वर येते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याच्या छातीतील जळजळ पुष्कळदा औषधाविना कमी होते. पण हा लाभ तेव्हाच, जेव्हा सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या तासात दिवसभराची कसर भरून काढली जात नाही! बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊनोदरीचे स्थान आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी घेणे हे उपवासाहून अवघड आहे, हे आपण सर्वच जाणतो. रसपरित्यागाचेही तसेच. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य म्हणून त्या दिवशी पापड, शेव, तळलेले गट्टे आणि लोणचे अशी मेजवानी होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तिथीच्या दिवशी आपल्या ताटात किती मीठ जाते, हे गृहिणींनी एकदा मोजून पाहावे. रक्तदाबाच्या रुग्णाला तो दिवस तपाचा ठरत नाही.

शाकाहाराविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. आपल्यासाठी त्याचा नैसर्गिक स्रोत दूध, दही, ताक एवढाच. प्रौढ माणसाला रोज सुमारे 2.2 मायक्रोग्रॅम लागते आणि मोठा पेलाभर दुधातून जेमतेम एक मायक्रोग्रॅम मिळते. दिवसभराच्या चहातील दूध म्हणजे दूध नव्हे. तळपायाची आग, हातापायांना मुंग्या, तोंड येणे, विसरभोळेपणा, जिना चढताना दम, ही लक्षणे घेऊन आपल्या समाजातील कित्येक माणसे येतात. कोणी त्याला वाताचा विकार म्हणते, कोणी वयाचा दोष. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्ताची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही कमतरता अधिक आढळते. यावर कोणताही काढा चालत नाही. रक्त तपासून गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे लागते, आणि फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी भरून येत नाही. औषधातील ब-12 जिवाणूंच्या साहाय्याने किण्वनातून तयार होते, प्राण्यांच्या मांसापासून नाही. कॅप्सूलचे कवच मात्र जिलेटिनचे असू शकते. ते नको असेल तर औषधविक्रेत्याकडे साधी गोळी मागावी. ड जीवनसत्त्वाचेही असेच. त्याचे ड-3 हे रूप बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून काढतात. आपल्या भागात ऊन फुकट आणि मुबलक आहे. सकाळी उशिराचे ऊन हातावर, चेहऱ्यावर पंधरा-वीस मिनिटे घ्यावे. परंतु घराबाहेर न पडणाऱ्या वृद्ध मातांना तेवढ्याने पुरत नाही, त्यांनी तपासणी करून घ्यावी.

आता गुडघ्यांकडे, म्हणजे मागच्या आठ रांगांकडे.

गुडघ्याची झीज वयाबरोबर येते, पण तिची पीडा बव्हंशी वजनावर आणि मांडीच्या स्नायूंवर अवलंबून असते. वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो असे अभ्यासातून दिसले आहे. पाच किलो उतरवले तर हिशेब तुम्हीच करा. दुसरा उपाय त्याहून साधा. खुर्चीवर ताठ बसावे, एक पाय समोर सरळ करावा, मांडीचा स्नायू घट्ट आवळून दहा अंक मोजावेत, पाय खाली ठेवावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिले दोन आठवडे काही वाटत नाही आणि तेथेच बहुतेक जण सोडून देतात. दीड-दोन महिन्यांनी उठताना हाताचा आधार घ्यावा लागत नाही. मला ठाऊक असलेल्या सर्व नैसर्गिक उपचारांत याच्याइतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा नाही, आणि याच्याइतका उपेक्षितही दुसरा नाही. सामायिकासाठी मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसावे. खुर्चीवरील समताभाव कमी प्रतीचा असतो असे कोठे म्हटलेले नाही.

शेकाविषयी फार गोंधळ आहे. पाय नुकताच मुरगळला, सूज येते आहे, अशा वेळी पहिले दोन दिवस थंड घडी ठेवावी. शेक दिल्यास सूज वाढते. जुनी आखडलेली कंबर, सकाळी ताठलेला गुडघा यांना उष्णता मानवते. मिठाची पुरचुंडी, तव्यावर गरम केलेले एरंडाचे पान, निरगुडीच्या पाल्याची वाफ, कोमट तिळेल ही आपल्या आजीची साधने अजूनही चांगली आहेत. त्यांचे कार्य मुख्यतः उबेचे आणि हलक्या हाताच्या मर्दनाचे आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. मातीची पट्टी काही व्रती मंडळींना पृथ्वीकायाच्या विचाराने नको वाटते. त्यांनी गाळलेल्या पाण्यात भिजवून पिळलेली सुती कापडाची घडी वापरावी. फक्त मधुमेही माणसाच्या तळपायाला शेक देताना घरच्या दुसऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने उष्णता तपासावी. बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही, आणि तेवढ्या एका फोडावरून बोट कापावे लागलेली माणसे मी पाहिली आहेत.

हळदीचे काय, हा प्रश्न येणार हे ठाऊक आहे. 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या हिंगोलीतील वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा हळद ही आपल्या घरचीच गोष्ट. वाळवलेली हळद आणि सुंठ कंदमुळे न खाणाऱ्या घरांतही चालतात. हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याने गुडघेदुखीत काहीसा आराम पडतो असे काही चाचण्यांत आढळले आहे. त्या चाचण्यांत दिवसाला 500 ते 1500 मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले होते. हळदीत ते असते साधारण तीन टक्के. अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅम धरली तर पेलाभर दुधातून सुमारे 45 मिलिग्रॅम मिळते, आणि त्यातलेही थोडेच रक्तात पोहोचते. म्हणजे हळदीचे दूध आनंदाने प्यावे, त्यावर औषधाचा भार टाकू नये. म्हणून कोणी कर्क्युमिनच्या तीव्र कॅप्सूल घेऊ लागतात. अशा कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणे निरनिराळ्या देशांत नोंदली गेली आहेत. इटली आणि ऑस्ट्रेलियातील आरोग्य यंत्रणांनी त्याबद्दल इशारेही दिले. फोडणीतील हळद आणि कॅप्सूलमधील हळद या एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

निसर्गातले म्हणून निर्दोष, हा समज तर बिब्ब्यापाशीच संपायला हवा. गुडघ्यावर बिब्बा लावून कातडी सोललेले रुग्ण आजही येतात. दुखऱ्या जागी तापल्या लोखंडाचा डाग देणारेही अद्याप आहेत. त्या नाव नसलेल्या पुड्यांविषयी सांगायचे तर, जिच्याने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, चांगली भूक लागते आणि महिन्याभरात चेहरा गोल दिसू लागतो, त्या पुडीत बहुधा जडीबुटी नसते. स्टेरॉइड मिसळलेले असते. पुढे रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळतो. अशी पुडी कोणी घेत असेल तर मनाने बंद न करता वैद्यकीय सल्ल्याने कमी करावी.

पहिल्या पिशवीकडे येतो. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या वाईट नाहीत. त्या बेतशीर घेतल्या पाहिजेत. शरीरात ज्या रसायनांमुळे सूज व ठणका होतो, तीच रसायने जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. गोळी ती सर्वच थोपवते. म्हणून दीर्घकाळ घेणाऱ्याला जठरात व्रण होतो, मूत्रपिंड दुबळे होते. जिवांविषयी कणव असणाऱ्या आपणास एक उदाहरण विसरता येणार नाही. 1990 च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पाकिस्तानातील संशोधनातून 2004 मध्ये कारण कळले: आजारी गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक. ते गुरू मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडे 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत हजारात एक उरली. भारत सरकारने 2006 मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केले. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण सत्तरीतला माणूस, रक्तदाबाची गोळी चालू, वैशाखाचे ऊन, उपवास आणि पोटात पाणी नाही, अशा दिवशी रिकाम्या पोटी घेतलेली ती एक गोळी त्याला डायलिसिसच्या खोलीपर्यंत नेऊ शकते. उपवासाच्या दिवशी ही गोळी घेऊ नये, एवढी एक सूचना जरी आज घरी नेली तरी माझे येणे सार्थकी लागले. गुडघ्यासाठी त्याच औषधाचा मलम वरून लावणे हा पुष्कळ सुरक्षित मार्ग आहे.

उपवासाचा विषय निघालाच आहे तर पर्युषण आणि दशलक्षण पर्वाविषयी दोन शब्द. पहिल्या दिवशी जे डोके दुखते ते भुकेने कमी आणि चहा सुटल्याने अधिक. पर्वापूर्वी आठ दिवस एकेक कप कमी करत आणावे, डोके दुखत नाही. इन्शुलिन किंवा रक्तातील साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असताना उपवास करणाऱ्याने डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे, अन्यथा साखर इतकी उतरते की शुद्ध हरपते. अठ्ठाईसारख्या दीर्घ तपानंतरचे पारणे हा सर्वांत नाजूक क्षण. कौतुकाने नातेवाईक शिरा, बासुंदी समोर ठेवतात. आठ दिवस विसावलेल्या शरीरात एकदम साखर गेली तर रक्तातील पोटॅशियम आणि फॉस्फरस झपाट्याने खाली जाऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडते. मुगाचे पाणी, पातळ मुगाचे कढण, मऊ भात असे दोन-तीन दिवस चढत जावे. तपस्वींचे वरघोडे काढणाऱ्यांनी पारण्याचे ताटही तितक्याच जबाबदारीने वाढावे.

आणि काही दुखणी अशी आहेत की तेथे घरगुती उपचारात घालवलेले प्रत्येक मिनिट महागात पडते. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारी कळ, त्याबरोबर घाम. याला आपल्याकडे 'गॅस' म्हणतात आणि ओवा-सोडा देतात. परभणी आपल्याला दूर नाही. 108 वर फोन करावा, ओवा नंतर. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अकस्मात डोकेदुखी, कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, पोट कडक होणे, तापासह एकच सांधा लाल होऊन सुजणे, या वेळी 1924 च्या त्या रात्रीचे ससून आठवावे.

आपल्या चार दानांत औषधदान आहे. पूर्वी त्याचा अर्थ औषधे वाटणे असा घेतला गेला आणि ते योग्यही होते. आज या गावात औषधाची तितकी टंचाई नाही. टंचाई आहे ती तपासणीची आणि खरे सांगणाऱ्या माणसाची. माझी विश्वस्तांना विनंती आहे की या वर्षापासून पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी रक्तदाब, साखर, ब-12 आणि मूत्रपिंडाची तपासणी येथे व्हावी. ती सर्व जातिधर्मांच्या ग्रामस्थांना खुली असावी. तपासणीला येताना प्रत्येकाने आपापल्या दोन्ही पिशव्या बरोबर आणाव्यात.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन येथे देत आहोत.)

प्रश्न : सासूबाईंचे डोके रोज दुखते. त्या रोज एक गोळी घेतात. गोळीने थांबते, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखते. काय करावे?

उत्तर : महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली, मिश्र गोळी असेल तर दहा दिवस, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. त्यांचा रक्तदाब आणि चष्म्याचा नंबर आधी तपासा. नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवावी लागेल. पहिले काही दिवस डोके अधिक दुखेल. त्या काळात घरातल्यांनी त्यांच्याशी सौम्यपणे वागावे आणि त्यांच्याकडे स्वयंपाकघर सोपवू नये.

प्रश्न : मी चौविहार पाळतो. उन्हाळ्यात सूर्यास्तानंतर पाणी नाही, त्यामुळे मुतखड्याचा त्रास दोनदा झाला. चौविहार सोडावा का?

उत्तर : नियमाचा निर्णय आपण गुरुमहाराजांना विचारून करावा, तो माझा प्रांत नाही. पाण्याचे वेळापत्रक मात्र सांगतो. पुष्कळ जण दिवसभर दुकानात पाणी पीत नाहीत आणि सूर्यास्तापूर्वी एकदम तांब्याभर पितात. ते थोड्याच वेळात निघून जाते. नवकारशीनंतर दोन पेले, मग दर तासाला एक, असे गाळून उकळलेले पाणी दुकानात हाताशी ठेवा. दिवसभरात लघवी फिकट दिसली पाहिजे, ही तुमची खूण. लिंबाचे पाणी घ्या, साखर न घालता. मीठ कमी करा, कारण जास्त मीठ खाल्ले की लघवीतून कॅल्शियम अधिक जातो. दूध मात्र बंद करू नका; आहारातील कॅल्शियमने खडा वाढतो हा गैरसमज आहे. आणि सोनोग्राफीचा जुना कागद असेल तर उद्या सकाळी घेऊन या, मी दहापर्यंत येथेच आहे.